दोन्हीकडची ऑपरेटर

अक्षरताई हे तिचं खरं नाव नव्हे. ते छापखान्यात मिळालेलं नाव. जुन्या मालकांनी, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनी ते ठेवलं. टेबलाच्या पलीकडून उलटं दिसणारं प्रूफही हिने नुसतं पाहिलं तरी त्यातली वेलांटीची चूक हिला टोचायची. "हिच्या डोळ्यांत भिंग बसवलंय," अण्णा म्हणायचे आणि नवीन गिऱ्हाईक आलं की तिला मुद्दाम बोलावून ही करामत करून दाखवायला लावायचे. ती लाजायची, पण तिला ते आवडायचं.

तिचा दुसरा गुण कुणी मिरवत नसे, पण छापखान्याचा निम्मा धंदा त्यावर चालायचा. तिचं पोट खोल होतं. आत गेलेली गोष्ट बाहेर येत नसे. शाळांच्या परीक्षांचे पेपर तिथे छापले जायचे आणि ते कॉम्प्युटरवर टाइप करून जुळवायची ती. एका वर्षी तिच्या सख्ख्या भाचीच्या शाळेचा गणिताचा पेपर तिच्या हाताखालून गेला. भाची तेव्हा तिच्याच घरी अभ्यासाला राहिली होती. "मावशी, कोणता धडा सोडला तर चालेल गं?" तिने विचारलं. "सगळे वाच," एवढंच मावशी म्हणाली. भाचीने नेमका नको तो धडा सोडला आणि नापास झाली. पुढे कुणाकडून तरी बहिणीला कळलं की पेपर हिनेच जुळवला होता. बहीण कित्येक महिने बोलली नाही. अक्षरताईला वाईट वाटलं, पण आत कुठेतरी बरंही वाटलं. आपण कशा आहोत हे आता सगळ्यांना कळलं, असं काहीसं.

अण्णा गेले आणि बघता बघता त्यांच्या दोघा मुलांचं फाटलं. कारण विचारलं तर दोघं दोन सांगायचे आणि दोन्ही खरी वाटायची. थोरला तोंडाचा फटकळ. त्याला रागवायला कारण लागत नसे, शांत व्हायला मात्र लागायचं. धाकट्याचं बोलणं साखरेत घोळलेलं. गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं असलं तरी तो असं म्हणायचा की माणूस आभार मानून जाई. वाटणीत थोरल्याने पुस्तकं, अहवाल, पेपर अशी कामं घेतली. धाकट्याने खोकी, लेबलं, वेष्टनं घेतली. हॉलच्या मधोमध प्लायवूडची फळी उभी राहिली. दारं दोन झाली, पाट्या दोन झाल्या, पाण्याची पिंपंसुद्धा दोन झाली.

मागचं छपाईचं मशीन मात्र एकच होतं. ते एक दिवस ह्याचं, एक दिवस त्याचं. ते चालवणारा मशीनमास्तर दोघांचा. आणि प्लेट काढायचं यंत्र, ज्याच्याशिवाय छपाईचं पानही हलत नाही, तेही एकच. ते ज्या कॉम्प्युटरला जोडलेलं आहे, होता होईतो त्यालाच जोडलेलं राहू द्या, असं कंपनीचा माणूस बजावून गेलेला. आता कॉम्प्युटर काही करवतीने कापता येत नाही. फळी जिथे संपत होती तिथल्या लहानशा खोलीत तो ठेवला आणि खोलीला दोन्ही बाजूंनी दार केलं. आत अक्षरताई.

"माझ्या फायली ह्याला दिसता कामा नयेत," थोरला म्हणाला.

"दादाच्या मला बघायच्याही नाहीत. पण माझ्या त्याला दिसू नयेत," धाकटा म्हणाला. दोघंही हे कॉम्प्युटर दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाला सांगत होते. एकमेकांशी बोलणं तेव्हाच बंद झालेलं होतं.

कॉम्प्युटरवाल्याने डोकं खाजवलं आणि तोड काढली. "एकाच डिस्कचे दोन भाग करतो. एका भागात थोरल्यांची जुनी विंडोज आहे ती तशीच. दुसऱ्या भागात धाकट्यांसाठी लिनक्स नावाची दुसरी सिस्टिम टाकतो, तिला पैसे पडत नाहीत. चालू केलं की मशीन विचारेल, यातली कोणती सुरू करू? एक चालू असेल तेव्हा दुसरी झोपलेली. इकडचा पासवर्ड वेगळा, तिकडचा वेगळा."

"म्हणजे एका घरात दोन चुली," मशीनमास्तर हात पुसत म्हणाला. मग अक्षरताईकडे बघून, "रांधणारी तेवढी एकच."

ती हसली. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

थोरल्याने तिला त्याच दिवशी बोलावून सांगितलं, "इकडचं अक्षर तिकडे गेलं, तर त्या दिवशी तू बाहेर. अण्णांची माणूस म्हणून गय करणार नाही." थोड्या वेळाने धाकट्याने खुर्ची पुढे केली. "ताई, बसा. तुमच्यावर तर डोळे मिटून विश्वास. तरी आपलं सांगून ठेवतो, इकडचं इकडेच राहू दे." एकाने धमकावून आणि एकाने गोंजारून एकच गोष्ट सांगितली. तिने दोघांनाही सांगितलं, "काळजी नको." आणि तिला खरंच कसली काळजी वाटली नाही. हे तर तिला आयुष्यभर येतच होतं.

दोन चुली सांभाळणं मात्र सोपं नव्हतं. दोन्हीकडची कळपाटी वेगळी. इकडे ज्या बोटाखाली 'क' यायचा, तिथे तिकडे भलतंच अक्षर उमटायचं. सकाळभर थोरल्याचा अहवाल जुळवून दुपारी ती तिकडे शिरली की लेबलावर पहिल्या ओळीत हमखास काहीतरी अगम्य उमटायचं. एकदा तेलाच्या बाटलीच्या लेबलावर तिने चुकून असा शब्द लिहिला की मशीनमास्तर खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. हळूहळू बोटं शहाणी झाली. काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या, बाणाचं बटण दाबून कुठली ते ठरवलं, एंटर मारला, की बोटं आपोआप त्या घरची होऊन जायची.

आणि कधी कधी एकाच वेळी दोन्ही दारं उघडायची. "माझं प्रूफ?" थोरला गरजायचा. "ताई, आमचं जरा घेता का?" दुसरीकडून मधाचं बोट. एक सिस्टिम बंद करून दुसरी चालू होईतो वेळ जायचा आणि तेवढ्यात दोघांनाही वाटायचं की ही मुद्दाम दुसऱ्याचं पुढे काढते. वर निरोप्याचं कामही तिच्याच गळ्यात. "त्याला सांग, मशीनला तेल घालायची पाळी त्याची." "दादाला म्हणावं, घातलंय." तीन हातांवर बसलेली माणसं तिच्या तोंडाने बोलायची.

घरी आली की नवरा विचारायचा, "आज कुणाकडे होतीस?" तो शाळेची बस चालवायचा. दिवसभर पोरांचा कल्ला ऐकून त्याला घरी थट्टाच सुचायची.

"दोघांकडे."

"दोन घरचा पाहुणा उपाशी. जेवून घे."

बरीच वर्षं हे असंच चाललं. दोघांचेही धंदे बेताबेताने चालले आणि तिच्यामुळे कधी एका शब्दाचीही गडबड झाली नाही. ही गोष्ट तिच्या लेखी लहान नव्हती.

मग एका दुपारी ती जेवून परत आली. लिनक्स चालू होती. धाकट्याचं एक खोकं जुळवायचं होतं. फाईल शोधायला तिने खिडकी उघडली तर 'नुकतंच उघडलेलं' या यादीत सगळ्यांत वर एक नाव दिसलं, जे तिथे असायलाच नको होतं. तिनेच सकाळी थोरल्याकडच्या सिस्टिमवर ते नाव दिलं होतं. एका मोठ्या शिक्षणसंस्थेचं, सगळ्या शाळांच्या पुस्तकांचं काम निघणार होतं, त्यासाठी थोरल्याने केलेली दरांची मांडणी. तिने डावीकडे बघितलं. डिस्कच्या नावांत एक नाव नेहमीच असायचं, ज्याला तिने आजवर कधी हात लावला नव्हता. आता लावला. पासवर्ड न विचारता थोरल्याचं सगळं घर तिच्यासमोर उघडलं. पेपर, अहवाल, गिऱ्हाइकांची पत्रं, सगळं.

पासवर्ड होता तो थोरल्याच्या सिस्टिमच्या दाराला. डिस्कला नव्हता. पुढच्या दाराला हे मोठं कुलूप आणि मागची भिंतच नाही, असा प्रकार.

तिने घाईघाईने ती खिडकी बंद केली, जशी काही तीच चोरी करत होती.

धाकटा आला तेव्हा ती म्हणाली, "धाकटे दादा, मी जेवायला गेले तेव्हा इथे कोण बसलं होतं?"

"मी. का हो?"

"थोरल्यांची फाईल उघडलेली दिसते."

तो जराही गडबडला नाही. तिच्या टेबलाच्या कडेला टेकला आणि आवाज खाली करून म्हणाला, "ताई, ही फाईल कुठल्या सिस्टिममध्ये उघडली?"

"तुमच्या."

"मग ही इकडची गोष्ट झाली. आणि इकडचं तिकडे करायचं नाही, हे तुम्हीच म्हणता ना?" आणि तो हसला, जसा गिऱ्हाइकाकडे बघून हसायचा.

घरी जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं. या वेळी त्याने थट्टा केली नाही.

"उद्या सकाळी पहिलं काम, थोरल्याला सांगून टाक."

"मी शब्द दिलाय दोघांना."

"चोराला दिलेला शब्द काय पाळायचा?"

"आणि सांगितलं की दोघं एकमेकांच्या नरडीला लागतील. छापखाना बंद पडेल. मशीनमास्तर या वयात कुठे जाईल?"

"मशीनमास्तरचं सोड. तू कुठे जाशील ते बघ."

खरं कारण तिने नवऱ्याला सांगितलं नाही आणि पुष्कळ दिवस स्वतःलाही सांगितलं नाही. आजवर तिच्या तोंडून कुणाचं काही बाहेर गेलं नव्हतं. सख्ख्या भाचीसाठी जे मोडलं नाही, ते आता मोडायचं तिच्या जिवावर आलं. तिला स्वतःची ती कीर्ती फार लाडकी होती.

तिने एवढंच केलं. कॉम्प्युटरवाला दुसऱ्या कामासाठी आला तेव्हा त्याला बाजूला घेऊन विचारलं, "थोरल्यांच्या डिस्कला कुलूप घालता येईल का? लिनक्समधून उघडणार नाही असं."

"येईल की. पण मालकांनी सांगायला हवं. उद्या डेटा अडकला तर माझ्या अंगावर येईल. थोरल्यांना विचारा, मग करू."

थोरल्याला विचारायचं म्हणजे का ते सांगायचं. तिने आज विचारू, उद्या विचारू केलं. तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलं.

शिक्षणसंस्थेचं काम धाकट्याला मिळालं. पुस्तकं हे थोरल्याचं खातं, त्यात धाकट्याने कधी हात घातला नव्हता, आणि दर होते ते थोरल्याच्या दरापेक्षा प्रत्येक ओळीत जरा जरा कमी. कागदाची जात तीच, बांधणी तीच, पानांची मांडणीसुद्धा तीच. संस्थेतल्या कुणीतरी थोरल्याला हसत हसत विचारलं, "तुम्ही दोघं भाऊ आता एकत्र का?"

थोरला तिथून तडक आला तो सरळ तिच्या खोलीत. "कितीला विकलंस मला?"

ती उभी राहिली. "दादा, मी नाही."

"तुझ्याशिवाय दोन्हीकडे कोण जातं? वारा?"

आरडाओरडा ऐकून पलीकडचं दार उघडलं आणि धाकटा आत आला. त्याच्या मागून मशीनमास्तर. अक्षरताईला सुटल्यासारखं वाटलं. आता हा सांगेल, तिला वाटलं. निदान खाली मान घालेल.

धाकटा भावाकडे बघून म्हणाला, "दादा, चूक माझीही आहे. मी घ्यायला नको होतं. पण आयतं समोर आलं आणि मोह झाला. कुणी दिलं ते मला विचारू नकोस. गरीब माणूस आहे, पोटाला लागतं." आणि त्याने तिच्याकडे बघितलं. अगदी दयेने बघितलं.

"धाकटे दादा!" तिच्या तोंडून किंकाळीसारखं निघालं. "खरं बोला ना!"

"ताई, जाऊ द्या. मी काही बोललोय का तुम्हाला?"

तिने खुर्ची ओढली. "दादा, दोन मिनिटं थांबा. यांच्या सिस्टिममधून तुमची डिस्क उघडते. पासवर्ड लागत नाही. मला माहीत आहे, मी पाहिलंय. आत्ता दाखवते." तिने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. पडदा काळा झाला. दोन ओळी उमटल्या. तिने बाणाच्या बटणावर बोट ठेवलं.

"हात काढ," थोरला म्हणाला. आता त्याचा आवाज चढलेला नव्हता. "तुला माहीत होतं म्हणालीस?"

"हो, पण..."

"कधीपासून?"

तिचं बोट बटणावरून खाली आलं.

"माहीत होतं आणि मला सांगितलं नाहीस. मग आणखी काय दाखवणार आहेस?"

तिने का सांगितलं नाही, ते तोंडाने सांगता येण्यासारखं नव्हतं. मशीनमास्तर दारात उभा राहून आपल्या शाईच्या बोटांकडे बघत होता.

आणि मग तिच्या देखत एक गोष्ट झाली. थोरला भिंतीला टेकला आणि धाकट्याला म्हणाला, "तुला गरज होती तर मला मागायचं होतंस काम." धाकट्याचे डोळे भरून आले. ते खरे भरले की खोटे, तिला आजही ठरवता येत नाही. "कुठल्या तोंडाने मागू, दादा?" तो म्हणाला. इतक्या वर्षांत दोघं तिच्या मध्यस्थीशिवाय पहिल्यांदा बोलत होते. थोरल्याने मशीनमास्तरला चहा सांगायला लावला. दोन.

तिने टेबलातला आपला चष्मा, डबा आणि पायाला गारठा लागतो म्हणून ठेवलेले मोजे पिशवीत घातले आणि ती निघाली. मागे दोघं बोलतच होते. तिला कुणी थांबवलं नाही आणि कुणी जा असंही वेगळं म्हणालं नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं नवरा म्हणाला. ती त्याच्यावर ओरडली. मग रडली. मग दुसऱ्या दिवशी नीट केस बांधून काम शोधायला निघाली. तिच्यासारखी ऑपरेटर कुणालाही हवी होती, असं तिला वाटत होतं. पण छापखान्यांची दुनिया लहान. एका ठिकाणी तिला बसवून पाणी दिलं आणि मालक म्हणाले, "तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही, बाई. पण आमच्याकडे लोकांचे कागद असतात." दुसरीकडे कळवतो म्हणाले. तिसरीकडच्या ऑपरेटर पोरीने तिला बघितलं आणि पडद्यावरची फाईल झटकन खाली केली. ते बघून ती दारातूनच परत फिरली.

शेवटी झेरॉक्सच्या दुकानात काम मिळालं. दुकान एवढंसं, मशीनच्या गरम वाऱ्याने दिवसभर तोंड कोरडं पडायचं. कोपऱ्यात एक कॉम्प्युटर होता. त्याचा पासवर्ड दुकानदार रोज सकाळी स्वतः येऊन घालायचा, डाव्या हाताचा आडोसा धरून. त्याच्याही कानावर आलं होतं तर. ती तेव्हा रस्त्याकडे बघत उभी राहायची.

मशीनमास्तर अधूनमधून यायचा. काही झेरॉक्स काढायचं नसलं तरी यायचा. त्याच्याकडून तिला कळत गेलं की फळी काढली. पाटी एक झाली आणि तिच्यावर दोघा भावांचं नाव आलं. त्यांची आई, जी इतकी वर्षं आलटून पालटून दोन घरांत राहायची, ती आता हसतमुख झाली. कॉम्प्युटरवाला येऊन लिनक्स पुसून गेला, आता एकच सिस्टिम, एकच पासवर्ड. नवीन ऑपरेटर पोरगी घेतली, ती भराभर काम करते पण चुका फार.

"मास्तर, तुम्ही तिथे होता," एकदा ती म्हणाली. "तुम्हाला काय वाटलं तेव्हा?"

मशीनमास्तरने काउंटरवरचे सुटे कागद सारखे केले. "मला काय वाटायचं? मी शाईतला माणूस." मग जाताना म्हणाला, "माझी दोन वर्षं राहिलीत, अक्षरताई." ती त्याच्यावर रागावली नाही. पण त्यानंतर तो आला की तिला काही ना काही काम निघायचं.

एक दिवस सकाळी काउंटरवर थोरला उभा. अंगाने थकलेला, पण कपड्यांना इस्त्री. त्याने ओळखपत्र पुढे केलं. "याची एक कॉपी." तिने काचेवर ठेवलं, झाकण लावलं, बटण दाबलं. कागद बाहेर आला तरी थोरला हलेना.

"परत ये," तो म्हणाला. "त्या पोरीच्या चुकांनी जीव गेलाय. परवा मुखपृष्ठावर लेखकाचंच नाव चुकलं."

"चोराला परत घेता?"

"मला ठाऊक आहे तू नव्हतीस ते."

दुकानात तेवढा वेळ कुणी नव्हतं. ती झाकणावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

"कधीपासून?"

"लिनक्स पुसायला तो माणूस आला तेव्हापासून. म्हणाला, ताईंनी तुमच्या डिस्कला कुलूप घालायला सांगितलं होतं, ते राहूनच गेलं. चोरी करणारी बाई कुलूप कशाला मागेल? एवढं मलाही कळतं."

"मग धाकट्यांना विचारलंत?"

"विचारून काय करू? आत्ता कुठे घर एक झालंय. आपलेच दात, आपलेच ओठ." तो जरा थांबला. "तू शहाणी आहेस. तुझं पोट खोल आहे, अण्णा म्हणायचे ना."

तिला वाटलं होतं की हे कधी कळलं तर आपण रडू, किंवा हातात येईल ते याच्या डोक्यात घालू. तसलं काही झालं नाही. तोंड फक्त आणखी कोरडं पडलं.

"एक करा, दादा," ती म्हणाली. "छापखानेवाल्यांची बैठक भरते ना तुमची? तिथे उभं राहून एवढंच सांगा की ती बाई नव्हती. कोण होतं ते सांगू नका हवं तर. मी उद्या कामावर येते."

"आता कशाला उकरायचं ते? 'ती नव्हती' म्हटलं की 'मग कोण' असं विचारतीलच. चारचौघांत भावाची अब्रू घालवू?"

"माझी घालवलीत तेव्हा बैठक लागली नाही तुम्हाला."

तो चिडला. चिडला की त्याच्या मानेची शीर फुगायची, ती फुगली. "मी स्वतः चालत आलोय तुझ्या दारात. हट्टीपणा बरा नव्हे. विचार कर."

"ओळखपत्र राहिलं," ती म्हणाली आणि झाकण उघडून त्याच्या हातात दिलं.

तो गेल्यावर पुष्कळ बोलणी तिला सुचली. दिवसभर सुचत राहिली. घरी नवऱ्याने विचारलं, "शिव्या तरी घातल्यास का?" ती नाही म्हणाली. "मी असतो तर..." त्याने सुरुवात केली, मग तिचं तोंड बघून ताटात मान घातली.

मग मात्र तिने सांगायला सुरुवात केली. जो भेटेल त्याला. जुन्या ऑपरेटर मैत्रिणींना, बांधणीवाल्याला, कागदाच्या दुकानात, बहिणीला. धाकट्याने काय केलं, थोरला काय म्हणाला, सगळं नावानिशी. इतक्या वर्षांत पोटात धरलेलं सगळं एकदाच बाहेर आलं. लोक ऐकून घ्यायचे, च्यक् च्यक् करायचे. आणि बहुतेक सगळे शेवटी एकच विचारायचे, "अगं, मग परत बोलावत होते तर गेली का नाहीस?" बहीण म्हणाली, "त्यांचं घर एक झालं ना, मग सोड. आणि तूही कमी नाहीस, माझ्या पोरीच्या वेळी कशी गप्प होतीस!" बांधणीवाला म्हणाला, "ते दोघं भाऊ-भाऊ, तुम्ही कशाला मध्ये पडता?" आणि छापखान्याचं काम पहिल्यापेक्षा जोरात चाललंय, असंही त्यानेच सांगितलं. हिच्या सांगण्याने त्यांचं एकही गिऱ्हाईक तुटलं नाही. झालं एवढंच की हिचं नाव आता तोंडाळ म्हणून निघालं.

अक्षरताई म्हणणारं आता कुणी उरलं नाही. दुकानात येणारी माणसं झेरॉक्सवाल्या बाई म्हणतात. परवा एक बाई आली, डोक्यावरून स्कार्फ घेतलेली, घाबरलेली. इकडेतिकडे बघत तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "याच्या दोन प्रती हव्यात," ती म्हणाली, आणि मग काउंटरवर वाकून, "कुणाला सांगणार नाही ना तुम्ही?"

तिने कागद उलगडला नाही. तसाच परत सरकवला.

"सांगेन," ती म्हणाली. "पलीकडच्या गल्लीत दुसरं दुकान आहे, तिथे जा."